अंजनाचा डावा गुडघा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
३ मे २००४

प्रिय अंजना,

जय जिनेंद्र. हातकणंगल्याला नीट पोचलीस हे तुझ्या पुतण्याच्या फोनवरून कळलं. त्याने तुला जिन्याखालची खोली दिली हे शहाणपणाचं केलं. वरची दिली असती तर तुला रोज चौघांनी उचलून न्यावं लागलं असतं. इथे उकाडा आहे, पाणी दिवसाआड येतं आणि मी निवृत्त झाले आहे. तिन्ही गोष्टींची सवय होते म्हणतात. माझं अजून एकीशीही जमलेलं नाही.

मी फोन करणार नाही. फोनवर मी ओरडते असं तुझ्या पुतण्याचं म्हणणं आहे. पत्रात निदान अक्षर तरी चांगलं दिसतं. बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेटनी पट्टी मारून वळवलेलं आहे ते.

आता मुद्द्याचं. निरोपसमारंभात तुझा डावा गुडघा धरला म्हणून तू सत्कार उरकताच रिक्षात बसलीस. रिक्षा सुटताना आपलं ठरलं ते माझ्या लक्षात आहे: ग्रॅच्युइटी हातात पडेपर्यंत दोघींपैकी कोणीही आपल्या बालशाळेची पायरी चढायची नाही. तू दिसेनाशी झालीस तशी मी मागे फिरले आणि कमिटीच्या अध्यक्षांना गाठलं. शशिधर अण्णा पट्टणशेट्टी मंडपाच्या कडेला कुल्फी खात उभे होते.

मी म्हटलं, "अण्णा, शाल मिळाली. नारळ मिळाला. आता ग्रॅच्युइटीचं बोलू."

"बाई, शिक्षकाला ग्रॅच्युइटी न्हाय. मोठ्या कोर्टानंच सांगितलंय की जानेवारीत."

"तानाबाईला मिळते."

"तिला मिळंल की. आया म्हंजे कामगार. कायद्यात बसती."

"आणि आम्ही?"

"तुमी गुरू!" असं म्हणून त्यांनी कुल्फीसकट हात जोडले.

घरी येऊन मी चष्मा लावून जानेवारीतल्या पेपरातली ती बातमी पुन्हा वाचली. खोटं नाही, अंजना. कायद्यात कशाला काम म्हणायचं ते लिहून ठेवलं आहे. कुशल, अकुशल, अंगमेहनतीचं, देखरेखीचं, कारकुनी वगैरे. शिकवणं यातल्या कशातच बसत नाही, म्हणून शिक्षक त्या कायद्यापुरता कामगार नव्हे. मग इतकी वर्षं आपण त्या वर्गात काय करत होतो? हवा खात होतो?

तुझं तर आणखीच अवघड आहे. तू सकाळी वर्गात आणि दुपारी ऑफिसात. फी, पावत्या, पगारपत्रक, पालकांची भांडणं, सगळं तूच पाहायचीस. दुसऱ्या शाळेत त्याला प्रशासक म्हणतात आणि वेगळा पगार देतात. आपल्याकडे तो तुझ्या शिक्षिकेच्या मानधनातच 'धरलेला' होता. अण्णांचं म्हणणं, तुझा दुपारचा भाग कदाचित कामगार ठरेल. गुडघा सकाळच्या भागात येतो की दुपारच्या, ते वकिलाला विचारून सांगतो म्हणाले.

तिथे मंडपातच वर आणखी म्हणाले, "बाई, पोरांचं हसू हीच खरी ग्रॅच्युइटी."

मी म्हटलं, "छान. मिरजेच्या डॉक्टरांना विचारून बघा, मुलांच्या हसण्यावर गुडघा बदलून देतात का."

कुल्फी त्यांच्या सदऱ्यावर पडली. तेवढंच माझं समाधान.

मिरजेच्या ऑपरेशनची तारीख तू पुढे ढकललीस, हे मला पुतण्याकडून कळलं. तू बोलली नाहीस. पैशाशिवाय दुसरं काही कारण असेल तर कळव. नसेल तर कळवू नकोस, मला समजलं आहे. दर दिवाळीला बोनस म्हणून अण्णांच्या वखारीतली गुळाची ढेप आपण डोक्यावरून घरी नेली. त्यातली एकही तू परत केली नाहीस, मीही नाही. आता भांडायचं ते मी भांडते. तू पाय लांब करून बस.

दर गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने येत जाईन. चहात साखर कमी घाल.

तुझी,
सुनीती
(गुरू, म्हणजे बिनकामाची)



शिवाजी पेठ, कोल्हापूर
२४ जून २००४

प्रिय अंजना,

आज गुरुवार. मी तुझ्यासमोर बसून चहा प्यायला हवा होता, त्याऐवजी हे पत्र येतं आहे. मागच्या गुरुवारी माझं दळण होतं. या गुरुवारीही दळण होतं. एकट्या बाईला किती पीठ लागतं असं विचारू नकोस. ते बाळासो गिरणीवाला शाळा सुरू झाल्यापासून रोज विचारतो आहे. "बाई, घरात लगीन हाय काय? रोज डबा घिऊन येतायसा, आन् दळून न घेताच जातायसा." त्याच्याकडे गर्दी असते, मला थांबायला वेळ नसतो, म्हणून गहू तसेच परत नेते. त्याची गिरणी शाळेच्या फाटकासमोर आहे, यात माझा काय दोष?

मुख्य बातमी अशी की परवा, मंगळवारी, शाळेत संप झाला. बेत माझा, संप रुचिताचा. पोरगी आपल्या हाताखाली शिकली आणि आता माझ्या जागी बसली आहे. जागा माझी दिली, पगार मात्र माझा दिलेला नाही. तिलाही कळून चुकलं आहे की तीस वर्षांनी तिच्या अंगावरही शालच पडणार.

बेत सोपा होता. कोर्टाच्या लेखी जे काम आहे ते एक दिवस करायचं नाही. जे काम नाही, म्हणजे शिकवणं, ते मात्र मन लावून करायचं. नाकं पुसणं, चपला लावणं, पाणी भरणं, सांडलेलं पुसणं, फीच्या पावत्या फाडणं बंद. ते कमिटीने येऊन करावं. तानाबाईने त्या दिवशी रजा टाकली. मी तिला म्हटलं, "अगं, तुला मिळणार आहे, तू कशाला यात पडतेस?" तर म्हणाली, "माझं मिळतंय म्हणून म्या गप बसू व्हय? अंजनाबाईंनी माझ्या पोरीचं बाळंतपण केलंय." तू हेही कधी बोलली नाहीस.

शपथ मोडलेली नाही. मी रस्त्याच्या अलीकडे, गिरणीत, डब्यावर हात ठेवून उभी होते.

ऑफिस बंद आहे असं कळल्यावर अण्णा तावातावाने आले. सोबत त्यांची नात शांभवी. सून बाळंतीण आहे, म्हणून पोरीला शाळेत सोडायचं काम आजोबांकडे, आणि पोरीचा शाळेतला तो पहिलाच दिवस. एका हातात नात आणि एका हातात छत्री, अशी स्वारी आत गेली. मला वाटलं, आता ते पाहतील की बायका नसल्या की शाळेचं काय होतं.

आणि काय झालं माहीत आहे? काहीच झालं नाही!

एका मुलाने पाणी सांडलं. रुचिता हात बांधून बसली. दुसऱ्याने फडकं आणलं, तिसरीने बादली, आणि फरशी अशी लख्ख पुसली की तानाबाईने पाहिली असती तर तिला नोकरीची काळजी पडली असती. चपला कोणी लावल्या नाहीत, तर मुलांनी स्वतःच्या लावल्या आणि अण्णांचा जोडाही ओळीत नेऊन ठेवला. ज्याला बटणं जमेनात त्याची बटणं दुसऱ्याने लावली. ज्यांची नाकं वाहत होती ती मुलं आपणहून आरशापुढे गेली, रुमालाने पुसून परत आली. एक परकरातली चिमुरडी अण्णांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या मिशीला चहा लागलाय. आरसा तिकडं हाय." अध्यक्षसाहेब गेले की गं! मुलांच्या उंचीच्या आरशापुढे वाकून त्यांनी मिशी पुसली.

मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आन् ह्या बायकांचं हितं काम काय? पोरंच सगळं करत्यात की!"

असा संप कोणाचा फसला असेल का? आपण आपलं काम इतकं चोख केलं की आपल्याला काही कामच नव्हतं असं सिद्ध झालं. इतर शाळांतल्या बायकांनी संप केला असता तर तासाभरात मुलांनी भिंती रंगवल्या असत्या. आपण त्यांना वर्षभर बसून बटणं लावायला शिकवलं. कोणी सांगितलं होतं?

संप मधल्या सुट्टीच्या आत संपला. कसा संपला ते पुन्हा कधीतरी लिहीन. हात दुखतो आहे आणि हवाही दमट आहे.

गुडघ्याला शेक घेतेस ना? पुढच्या गुरुवारी नक्की. दळण नसलं तर.

तुझी,
सुनीती



शिवाजी पेठ, कोल्हापूर
८ जुलै २००४

प्रिय अंजना,

तुझं एका ओळीचं पत्र पोचलं. 'गिरणी रस्त्याच्या पलीकडे आहे, तुला मिशीवरचा चहा कुठून दिसला?'

ऑफिसात असताना पालकांचे खोटे पत्ते तू असेच पकडायचीस. मला वाटलं होतं निवृत्तीनंतर ती सवय सुटली असेल.

बरं, ऐक. आणि संपेपर्यंत रागावू नकोस.

मी आत होते. आधी फाटकाशी, मग पायरीशी, मग खिडकीशी, असं होत होत गेले. कारण शांभवी रडत होती. अण्णांनी तिला दारातच खाली ठेवलं आणि कमिटीचा अध्यक्ष होऊन बोलायला लागले. ती पोरगी "अज्जा! अज्जा!" करत त्यांच्या धोतराला लोंबकळत होती. दुसऱ्या वर्षाची मुलं सगळं करतात गं, पण पहिल्या दिवशीचं मूल स्वतःला गप्प करू शकत नाही. ते आपण त्यांना शिकवू शकलेलो नाही. रुचिता डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे पाहत होती. तिला मीच बजावलं होतं, की जागचं हलायचं नाही. अण्णांनी खिशातून गुळाचा खडा काढून दिला. शांभवीने तो फेकला. नेम चांगला आहे तिचा, समोरच्या वकिलाच्या चष्म्याला लागला. हो, वकीलही आला होता.

मला वाटलं, थोडा वेळ थांबावं. तिचा आवाज बसायला लागला, तेव्हा मात्र मला थांबता आलं नाही. हातात गव्हाचा डबा होता तो घेऊन मी आत गेले, तिच्यापासून जरा लांब फरशीवर बसले, तिच्याकडे पाहिलंच नाही. एक वाटी घेतली आणि डब्यातले गहू त्यात ओतले. वाटीतून पुन्हा डब्यात. पुन्हा वाटीत. तुला तो आवाज माहीत आहे. थोड्या वेळाने हुंदक्यांच्या मध्ये अंतर पडायला लागलं. मग एक ओला हात माझ्या मांडीवरून डब्यात शिरला.

इतक्या दिवसांत ते गहू दळले नव्हते हे किती बरं झालं. पिठाने हे जमलं नसतं.

अण्णा बघतच राहिले. "बाई, जादू केलीसा की!"

मी म्हटलं, "जादू नव्हे, अण्णा. आणि काम तर नव्हेच. कोर्टाने सांगितलंय."

हे बोलताना मला फार बरं वाटलं, पण बाजूला वकील चष्मा पुसत उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "पाहा साहेब. निवृत्त झाल्या तरी बाई आपणहून येतात. ही सेवा आहे. नोकरी म्हणताच येणार नाही." अंजना, संप मी मांडला, मीच मोडला, आणि वर त्या माणसाच्या हातात पुरावा दिला. तुझी मिरज माझ्यामुळे आणखी लांबली असेल. म्हणून गुरुवारी आले नाही. तुझ्या समोर बसून तुझ्या गुडघ्याकडे पाहत मला चहा गेला नसता.

आता राहिलेलंही सांगते. मी त्यानंतर रोज जाते. दुसऱ्या दिवशी शांभवी आजोबांना सोडीना, तेव्हा मी अण्णांना आपला नियम सांगितला. ज्याला मूल सोडत नाही त्या पालकाने वर्गात बसायचं. बसायचं ते मुलांच्या खुर्चीवर, हात मांडीवर, तोंड बंद, काही झालं तरी मदत करायची नाही.

"किती येळ?"

"ती आपणहून उठून जाईपर्यंत."

"आन् माझा गुळाचा सौदा?"

"तुमच्याशिवाय होत असेल तर होऊ द्या. आमच्याशिवाय शाळा चालते, तसं."

तेव्हापासून कोल्हापुरातले एक मोठे गूळ व्यापारी रोज सकाळी वीतभर उंचीच्या लाल खुर्चीवर, गुडघे कानाशी घेऊन बसतात. मार्केट यार्डातला त्यांचा माणूस खिडकीतून भाव विचारतो, तर चिमुरडी मंडळी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प करतात. अण्णांना मान हलवून सौदा करावा लागतो. परवा त्यांनी माशी हाकलली आणि सगळा माल विकला गेला.

मला तुझ्याशिवाय हे एकटीला बघायला अजिबात आवडत नाही.

रागावून का होईना, लिही. या वेळी एका ओळीपेक्षा जास्त.

तुझी,
शपथ मोडलेली
सुनीती



शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ ऑगस्ट २००४

प्रिय अंजना,

तुझं पत्र मिळालं. 'मी असते तर दारातच बसकण मारली असती, तू खिडकीपर्यंत तरी थांबलीस' असं लिहिलंस. ते पत्र मी दोनदा वाचलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली.

आता बातमी. बसली आहेस ना? बसलेलीच असशील म्हणा.

मागच्या आठवड्यात शांभवी वर्गात आली, अण्णांच्या मांडीला नुसता हात लावला आणि गव्हाच्या पसरट तसराळ्याकडे निघून गेली. हो, माझे गहू आता शाळेचे झाले. बाळासोला मी नवे नेऊन दिले आणि खरंच दळून आणले, तर तो म्हणतो, "लगीन झालं वाटतं." तर शांभवी गेली. लाकडी ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा रचला, पाडला, पुन्हा रचला. मग वळून पाहिलं तर आजोबा अजून तिथेच. जवळ येऊन म्हणाली, "अज्जा, तू जा की."

अज्जा जाईनात. मला वाटलं, माणसाचं मन भरून आलं असेल. जवळ गेले तर कळलं, की त्यांना उठता येत नव्हतं. दोन्ही गुडघे धरले होते. तानाबाई एका बाजूने, रुचिता दुसऱ्या बाजूने, आणि खुर्ची काही त्यांना सोडीना. शेवटी ते खुर्चीसकट उठले. शांभवी खालून सूचना करत होती, "हळू. दोन हातांनी. आवाज न्हाय करायचा." जड वस्तू कशी उचलायची याचा धडा तिचा नुकताच झाला होता.

त्यांना ऑफिसात तुझ्या खुर्चीवर बसवलं. तानाबाईने तेल लावलं. "अण्णा, ह्ये आमचं रोजचंच हाय," एवढंच ती बोलली. बराच वेळ अण्णा गुडघा चोळत होते. मग हळू आवाजात, त्यांचा आवाज हळू होतो हे मला पहिल्यांदाच कळलं, म्हणाले, "अंजनाबाई त्या लाल खुर्चीवरच बसत हुत्या?"

"त्याच्यावर. नाहीतर फरशीवर. मुलाशी बोलायचं तर त्याच्या उंचीला जाऊन बोलायचं, हा नियम आहे."

"इतकी वर्सं? आन् मग आमाला कुणी सांगितलं न्हाईसा?"

"सांगितलं की. दर वर्षी सांगितलं. तुम्ही गूळ दिलात."

त्यांनी मिशीला हात लावला, जणू काही लागलंय.

शनिवारी कमिटीची सभा झाली. वकिलाने पुन्हा तेच म्हटलं, शिक्षक कामगार नव्हे, ग्रॅच्युइटी देता येत नाही. अण्णांनी टेबलावर हात आपटला. "ग्रॅच्युइटीचं कोर्ट बघंल. पन गुडघा कोर्टात गेलेला न्हाय." आणि ठराव झाला. शाळेत नोकरी केलेल्या आणि करत असलेल्या प्रत्येक बाईच्या गुडघ्यांचा खर्च, तपासणीपासून ऑपरेशनपर्यंत, संस्था करणार. सकाळचा गुडघा की दुपारचा, हे विचारणार नाही. वकिलाने हरकत घेतली, तर अण्णा त्याला म्हणाले, "तू उद्या सकाळी त्या लाल खुर्चीत बस. मग बोलू."

तेव्हा तू मिरजेची तारीख घे. पुतण्याच्या नावे अण्णांचं पत्र मी सोबत घालते आहे. ते माझ्या हातात पडल्याशिवाय मी तुला हे सांगणार नव्हते, कारण तू 'राहू दे' म्हणाली असतीस.

आता तू विचारशील, आणि माझं काय?

खरं सांगायचं तर हे वाक्य लिहायचं टाळून मी दोन पानं भरली. ठरावात फक्त गुडघे आहेत. आणि माझे दोन्ही शाबूत आहेत. अण्णांनी सभेतच मला उठून बसून दाखवायला लावलं आणि मी, मूर्ख बाई, त्यांच्या पुढे टुणकन उठून दाखवलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी नेमकं काय केलं. सिस्टर बर्नाडेटनी वर्गात बोलल्याबद्दल मला इतक्या वेळा चॅपेलच्या फरशीवर गुडघ्यांवर उभं केलं, की तिथलं हाड पक्कं होऊन बसलं. माझी कमर दुखते, कान गेलेत, शाळेची घंटा वाजल्यासारखी रोज सकाळी आपोआप जाग येते. पण त्यांचा ठराव कोण करणार?

मला शाल दिली. पुन्हा. या वेळची लोकरीची आहे, जांभळी. कपाटात आता इतक्या शाली झाल्या आहेत की दार बंद होत नाही. ही मी तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. मिरजेच्या वॉर्डात पहाटे गार होतं म्हणतात. उशाशी मी बसेन, बोलणार नाही, हात मांडीवर ठेवेन. निदान पहिला तासभर तरी.

आणि लवकर चालायला लाग, अंजना. ग्रॅच्युइटी अजून यायची आहे, तुझ्या दुपारच्या भागाची आणि माझ्या सगळ्याची. कायदा बदलेल, नाहीतर मी बदलायला लावेन. पण अण्णांच्या दारात जाऊन भांडायचं तर माझ्या शेजारी दोन्ही पायांवर उभी राहणारी कोणीतरी हवी, आणि मला दुसरी कोणी नको आहे.

पत्र आवरते. उद्या सकाळी दोन नवी मुलं येणार आहेत. रडतील.

तुझी,
अजूनही कामावर असलेली,
सुनीती